हात मोठा, बोटं त्याहून लांब: मासेमारीच्या हातमोज्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरणातली व्यक्ती हौशी मच्छीमार. उंच, हाडापेराने मोठे, हंगाम बहुतेक थंडीतला, पाणी खारं. कधी खडकावरून, कधी लहान होडीतून रॉड आणि स्पिनिंग रील (रॉडखाली लटकणारं, हँडलने लाईन गुंडाळायचं चक्र) घेऊन मासेमारी. रीलवर ब्रेडेड लाईन, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, पुढे २० ते ४० ग्रॅमचे लुअर, म्हणजे नकली आमिषं. एका बैठकीत चार-पाच तास, म्हणजे दोनेकशे कास्ट, म्हणजे लुअर पाण्यात फेकणं, सहज होतात.

हातमोज्यांकडून त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. गार वाऱ्यात बोटं बधिर होऊ नयेत. ओढताना ब्रेडेड लाईन कातडीत रुतू नये. आणि मासा वर आल्यावर काटे, कल्ले, दात यांपासून हात वाचावा. तिन्ही मागण्या रास्त, पण एकाच जोडीकडून तिन्ही मागणं हीच पहिली गफलत होती. ती उमगायला दोन हंगाम गेले.

अडचण काय दिसत होती

दोन हंगामांत चार जोड्या झाल्या होत्या. पहिली २ मि.मी. निओप्रीनची (फोमसारखं रबरी कापड), डबल एक्सएल. हात आत जायचा, पण बोटांच्या बेचकीत मोज्याची शिवण कधी टेकायचीच नाही, तिथे ७-८ मि.मी. पोकळी राहायची. मनगटाचा पट्टा मनगटावर न बसता तळव्याच्या बुडाशी यायचा आणि बाहीपर्यंत कातडीची पट्टी उघडी राहायची. अर्ध्या तासात बोटांची टोकं गार पडायची.

दुसरी जोडी त्याच प्रकारातली, ट्रिपल एक्सएल. बोटं थोडी सुटी झाली, पण तळव्यावर कापडाची घडी पडू लागली. रॉड धरला की ती घडी नेमकी रीलच्या दांड्याखाली यायची. स्पिनिंग रीलला रॉडशी जोडणारा दांडा मधलं बोट आणि अनामिका यांच्यामध्ये बसतो. तिथे जाड शिवण आणि वर घडी, असा दुहेरी मारा झाला. दोन तासांत बेचकीत फोड.

तिसरी जोडी उबदार, आत फ्लीसचं अस्तर आणि मध्ये जलरोधक पडदा. दुकानात कोरडी घालून पाहिली तेव्हा ठीक वाटली. पाण्यावर एकदा ओली झाल्यावर हात बाहेर काढला तर अस्तराची बोटंही उलटून बाहेर आली. टोकाशी न चिकटवलेल्या अस्तराचं असंच होतं. ती ओली बोटं परत आत ढकलणं होडीत बसून कुणाला जमलेलं नाही.

चौथी जोडी उन्हाळी, पातळ, अर्ध्या बोटांची. ती बरी बसायची. थंडीत निरुपयोगी म्हणून ती कपाटात पडून होती. पण सगळ्या प्रकरणाचा धागा तिच्यातच होता.

त्यांचं स्वतःचं निदान असं, की हात फारच मोठा आहे, आपल्या मापाचे हातमोजे बनतच नाहीत. हे अर्धंच खरं निघालं.

मापं घेतल्यावर काय कळलं

आधी शिंप्याची टेप घेतली. हाताचं माप म्हणून बहुतेक ठिकाणी एकच आकडा विचारतात, तळव्याचा घेर. संरक्षक हातमोज्यांच्या युरोपीय मानकात, ईएन ४२० मध्ये (२०२० पासून त्याची जागा ईएन आयएसओ २१४२० ने घेतली) हा घेर अंगठा आणि तर्जनीच्या बेचकीपासून २० मि.मी. अंतरावर घेतात. लांबी मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत. मासेमारीच्या मोज्यांच्या तक्त्यांत मात्र पुष्कळदा बोटांच्या मुळांच्या सांध्यांवरून, अंगठा सोडून, घेर घ्यायला सांगतात. दोन्ही जागी टेप धरली तर काही मिलिमीटरांचा फरक पडतो. तक्ता कुठला आणि त्यात टेप कुठे धरायची, हे वाचल्याशिवाय आकडा निरर्थक.

मापं दोनदा घेतली. सकाळी, आणि संध्याकाळी हात काम करून थोडे फुगल्यावर. मोठा आकडा धरला. उजवा हात, मिलिमीटरमध्ये:

तळव्याचा घेर २६२. हाताची लांबी २२२. मधलं बोट, तळव्याच्या बाजूने मुळाच्या रेषेपासून टोकापर्यंत, १०१. तर्जनीच्या मधल्या सांध्याचा घेर ७७. डाव्या हाताचा घेर ७ ने कमी, लांबी जवळपास तेवढीच.

आता हे मानकाच्या तक्त्याशेजारी ठेवा. १० नंबरला घेर २५४, लांबी २०४. ११ नंबरला घेर २७९, लांबी २१५. म्हणजे घेराने हा हात १० च्या थोडा वर, ११ च्या बऱ्याच खाली. लांबीने मात्र ११ च्याही पुढे ७ मि.मी. हात रुंद नव्हता, लांब होता, आणि त्यातही लांबी बोटांत होती.

तक्त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एक नंबर वर गेलं की घेर सुमारे २५ मि.मी. वाढतो, लांबी फक्त १०-१२. त्या लांबीतला बोटाचा वाटा निम्म्याहून कमी, म्हणजे जेमतेम ५ मि.मी. ११ नंबरच्या मोज्यात या हाताचं मधलं बोट ६ मि.मी.ने कमी पडत होतं. ते भरून काढायला १२ नंबर घेतला तर घेर ३०५ च्या आसपास जाणार आणि तळव्यावर चार सेंटिमीटर फालतू कापड येणार. ट्रिपल एक्सएलमध्ये घडी का पडली, याचं उत्तर हेच. मोठा नंबर घेऊन लांब बोटांचा प्रश्न सुटत नाही. त्या जागी ढिल्या तळव्याचा नवा प्रश्न येतो.

आणि पहिल्या जोडीचं कोडंही इथेच सुटतं. बोटांची टोकं आत आपटली की मोजा पुढे सरकू शकत नाही. म्हणून बेचकीत पोकळी राहते, अंगठ्याचा सांधा मागे ओढला जातो, पट्टा मनगटाला पोचत नाही. दुखणं तीन ठिकाणी, कारण एकच आणि ते चौथ्याच ठिकाणी. अर्ध्या बोटांची जोडी बरी बसायची ती यामुळेच, तिला टोकंच नव्हती.

तपासून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय मोजा मापाने शिवून घेण्याचा. चामड्याचा असेल तर कारागीर शिवून देतो, पण खाऱ्या पाण्यात भिजून वाळलेलं चामडं कडक होतं आणि आखडतं, म्हणजे मापाचा फायदा एका हंगामात संपतो. निओप्रीन शिवायला आरपार न जाणारा टाका आणि चिकटपट्टी लागते. ते काम सहजासहजी कुणी अंगावर घेत नाही. हा पर्याय बाजूला ठेवला.

दुसरा, कामगारांच्या सुरक्षा मोज्यांचा. नायलॉनचं विणीव मोजं, तळव्याला नायट्राईल किंवा लेटेक्सचा थर. ११ नंबर सर्रास मिळतो, १२ ही बनतो, आणि वीण ताणली जाते. ओल्या बुळबुळीत माशावर पकड चांगली. पण ऊब नाही, वाऱ्यात ओलं झालं की हात आणखी गार पडतो. मासा हाताळायला उत्तम, दिवसभर घालायला नाही. लेटेक्सची ॲलर्जी असलेल्याने नायट्राईलच घ्यावं.

इथे एक गैरसमज निस्तरावा लागला. त्यांना कापरोधक विणीव मोजं हवं होतं, काट्यांसाठी. कापरोधक म्हणजे टोचरोधक नव्हे. पाती अडवणारी वीण सुईसारख्या काट्याला धाग्यांमधून वाट देते. ईएन ३८८ या सुरक्षा मोज्यांच्या चाचण्यांच्या युरोपीय मानकातली टोचण्याची चाचणीसुद्धा ४.५ मि.मी. जाडीच्या शलाकेने होते, माशाच्या पंखातल्या काट्याशी तिचा काही संबंध नाही. त्या अंकावर विसंबून काटेरी मासा मुठीत धरला तर काटा आत जाणारच, आणि पाण्यातल्या जिवाणूंनी अशी जखम चिघळू शकते. कापरोधक वीण फिले (काट्याविना मांसाचे तुकडे) काढताना सुरीपासून वाचवते, तिचं काम तेवढंच.

तिसरा पर्याय थरांचा. आत पातळ लोकरी किंवा सिंथेटिक मोजं आणि वर ढिला जलरोधक मिटन. मिटनमध्ये बोटांची लांबी जवळपास अडत नाही, चारही बोटं एका पिशवीत असतात आणि एकमेकांना ऊब देतात. कास्ट करताना मिटन काढावा लागतो, ही अडचण.

चौथा, टोकं कापण्याचा. घेराने बसणारा मोजा घ्यायचा आणि लांबीचा प्रश्न कात्रीने सोडवायचा. बाजारात अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशी तीन टोकं आधीच उघडी असलेले मोजे मिळतात. पण अनामिका आणि करंगळी त्यांत बंद असतात, आणि या हाताची अनामिकाही लांब होती.

पाचवा, मोजे सोडूनच देण्याचा. तर्जनीवर फक्त बोटाचं टोपण. जड वजन फेकणारे तेच वापरतात. थंडीचं काय, याला त्यात उत्तर नव्हतं.

निर्णय

एका जोडीचा हट्ट सोडला. कास्ट आणि ओढण्यासाठी एक जोडी, मासा हाताळायला डाव्या हातात दुसरं मोजं, आणि थांबलेल्या वेळेसाठी मिटन. कास्टच्या जोडीत घेर नेमका बसवायचा आणि लांबी मोकळी सोडायची. मासा हाताळायच्या मोज्यात थोडा गचाळपणा चालेल, कारण ते हातात दोन-तीन मिनिटंच असतं. मिटन मुद्दाम मोठे.

कुठलं माप कडक धरायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हा या प्रकरणातला खरा निर्णय. ब्रँड, रंग, पकडीचे ठिपके हे सगळं त्याच्या मागून आलं.

प्रत्यक्ष काय केलं

कास्टच्या जोडीसाठी विक्रेत्यांकडून सपाट ठेवलेल्या मोज्याची तीन मापं मागवली: तळव्याची रुंदी बोटांच्या मुळाशी, मधल्या बोटाची बेचकीपासून टोकापर्यंतची लांबी, आणि अंगठ्याच्या बेचकीपासून तर्जनीच्या बेचकीपर्यंतचं अंतर. तिसरं माप क्वचितच कुणी विचारतं. लांब हातात हे अंतर जास्त असतं आणि टोकं कापून ते वाढत नाही. ते कमी पडलं तर अंगठा कायम आखडलेला राहतो. दोन विक्रेत्यांनी मापं पाठवली, बाकीच्यांनी पुन्हा एक्सएलचा तक्ता.

निवडलेली जोडी २ मि.मी. निओप्रीनची, तळव्याला पातळ कृत्रिम चामडं, बोटं आधीपासून किंचित वळवलेली, आणि मुख्य म्हणजे बोटांच्या बाजूने स्वतंत्र पट्टी शिवलेली. वरचा आणि खालचा तुकडा थेट जोडलेल्या मोज्यात बोट चपटं होतं. ७७ मि.मी. घेराच्या सांध्याला ते आवळतं. बाजूची पट्टी असेल तर बोटाला गोलाई मिळते.

पारख कोरड्या हाताने न करता गार पाण्यात भिजवून केली. क्रम असा: दहा वेळा घट्ट मूठ, मग रॉड-रील धरून पंधरा मिनिटं हँडल फिरवणं, बेल (रीलवरची लाईन अडवणारी तारेची कमान) उघडून-मिटून पाहणं, लाईनला एक गाठ मारणं, आणि शेवटी ओला मोजा दुसऱ्या ओल्या हाताने काढणं. मूठ वळल्यावर बोटांच्या पाठीवर कापड ताणून पांढरं पडलं किंवा नखाखाली ठणका लागला तर मोजा लहान. तळव्यावर चिमटीत धरता येईल एवढं कापड उरलं तर मोठा. ही जोडी घेराला पास झाली, टोकांना अपेक्षेप्रमाणे नापास.

मग कात्री, आणि इथे एक जोडी वाया गेली. मोजा टेबलावर सपाट ठेवून, पहिल्या सांध्याच्या थोडं पुढे खूण करून सरळ कापलं. हातात घातल्यावर निओप्रीन ताणलं, वळलं आणि कड ६-७ मि.मी. मागे सरकून नेमकी सांध्यावर आली. बोट वाकवलं की कड रुतायची. शिवाय बाजूच्या शिवणीचा टाका मोकळा झाला आणि दुसऱ्याच दिवशी पट्टी उसवू लागली. निओप्रीन स्वतः उसवत नाही, पण त्यातली शिवण उसवते. आणि एकदा कापलेलं परत लावता येत नाही.

दुसऱ्या जोडीला क्रम बदलला. मोजा घालून, रॉड हातात धरून, बोटं वळलेली असताना खडूने खूण. खुणेच्या ८ मि.मी. पुढे पहिला छेद. पुन्हा घालून पाहायचं, मग थोडं-थोडं कमी करत खुणेपर्यंत यायचं. शेवटच्या छेदाआधी, छेदाच्या २ मि.मी. अलीकडे, बाजूच्या दोन्ही शिवणींवर जाड नायलॉन धाग्याचे चार-पाच उलटसुलट टाके. कापल्यावर त्या टाक्यांवर निओप्रीनच्या गोंदाचा थेंब, रात्रभर सुकवणं. चारही बोटं कापली, पण सारखी नाही. अंगठ्याला हात लावला नाही, तो बसत होता.

तर्जनीवर मतभेद होता. स्पिनिंग रीलमध्ये कास्टच्या क्षणी लाईन तर्जनीच्या पहिल्या पेरावर तोललेली असते. टोक उघडं ठेवलं तर लाईन सोडण्याचा अंदाज नेमका येतो, पण ब्रेडेड लाईन कातडीवर घासते. झाकलं तर कातडी वाचते, पण कापडावरून लाईन कधी लवकर सुटते, कधी उशिरा, आणि लुअर भलतीकडे जातो. २०-४० ग्रॅमच्या वजनाला उघडं बोट सहन करतं. म्हणून तर्जनी इतर बोटांपेक्षा ५ मि.मी. लांब ठेवली, पेराचा मागचा भाग झाकलेला आणि पुढचा उघडा. याहून जड वजन फेकायचं असेल तर हा निर्णय चुकीचा ठरेल, तिथे टोपणच हवं.

मासा हाताळायला ११ नंबरचं, १३ गेजचं (गेज म्हणजे विणीची बारकाई) नायलॉन मोजं, तळव्याला खरबरीत लेटेक्सचा थर. बेचकीत थोडी पोकळी राहिली, पण वीण ताणली गेल्याने काम भागलं. यासोबत दोन नियम ठरले. मासा परत सोडायचा असेल तर मोजं आधी पाण्यात बुडवायचं, कोरडा खरबरीत थर माशाच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर ओरबाडतो. आणि त्रिशूळ गळ लागलेला लुअर काढताना हात नाही, पक्कड. गळाची काटेरी नांगी विणीत अडकली आणि मासा उसळला की हात आणि मासा एकाच गळाला बांधले जातात.

मिटनमध्ये जलरोधक पडदा होता. पडदा बाहेरच्या कापडासारखा ताणला जात नाही, म्हणून असे मोजे लेबलापेक्षा आतून लहान लागतात. लेबलाच्या एक नंबर वरचे घेतले. आत मुद्दाम जागा ठेवली, कारण दाबलेलं अस्तर पातळ होतं आणि ऊब धरत नाही, आवळलेल्या बोटांत रक्तही नीट पोचत नाही. मिटन मनगटाला दोरीने अडकवले, म्हणजे कास्टच्या वेळी झटकले की लोंबकळत राहतात. होडीत नांगराच्या दोराजवळ किंवा फिरत्या रहाटाजवळ मात्र ते आधी काढून ठेवायचे. लोंबकळणारी कुठलीही वस्तू तिथे नको.

निष्पत्ती

पुढच्या हंगामात कापलेली जोडी तळव्याला घडी न पडता टिकली. पट्टा मनगटावर बसला, बाहीखालची उघडी पट्टी गेली. बेचकीतले फोड थांबले. उघडी टोकं गार पडतात, ते अपेक्षितच होतं. दर दहा-बारा कास्टनंतर मिनिटभर मिटन, असा ताल त्यांनी बसवला.

दोन गोष्टी पूर्ण सुटल्या नाहीत. डाव्या हाताचा घेर कमी असल्याने डावा मोजा किंचित ढिला राहतो. हँडल फिरवायचा तोच हात, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी शिवण अजून ओढली जाते. तिथे पाचर जोडून पाहायचा विचार झाला, पण त्या शिवणीतून पाणी शिरेल म्हणून सोडून दिला.

हंगामाच्या मध्यावर तळव्याचं कृत्रिम चामडं कडक होऊ लागलं. कारण साधं होतं, मोजे मीठपाण्यासकट पिशवीत राहायचे. नंतर दर वेळी गोड्या पाण्यात खळबळून, आधी उलटे मग सुलटे करून सावलीत वाळवायला सुरुवात केली. थेट उन्हात निओप्रीन लवकर खराब होतं.

पुन्हा करायचं तर

टेप पहिल्याच जोडीच्या आधी काढायला हवी होती, आणि घेरासोबत मधल्या बोटाचं मापही तेव्हाच घ्यायला हवं होतं. त्या एका आकड्याने दुसरी जोडी वाचली असती.

कपाटातली उन्हाळी जोडी का बसते, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. न बसणाऱ्या मोज्यांची तपासणी खूप झाली, बसणाऱ्या एकाची नाही.

कापण्याचा सराव फाटक्या पहिल्या जोडीवर करता आला असता. ती घरात होतीच. आणि डाव्या-उजव्या हातात ७ मि.मी.चा फरक असेल तर दोन नंबरांच्या दोन जोड्या घेऊन एकेक वापरायचं गणितही मांडून पाहावं. इथे ते मांडलं नाही, कारण निवडलेल्या मोज्यात खालचा नंबर तर्जनीच्या सांध्याला आवळत होता. घेर तळव्याचा वेगळा, सांध्याचा वेगळा. डावा हात अरुंद असला तरी त्याचे सांधे उजव्याइतकेच जाड निघाले.

तिसऱ्या जोडीचं अस्तर दुकानातच पकडता आलं असतं. हात थोडा ओला करून मोजा घालायचा आणि झटक्यात काढायचा. अस्तर सोबत आलं तर मोजा परत ठेवायचा.

ट्रिपल एक्सएलची जोडी त्यांनी टाकली नाही. ती आता आत लोकरी मोजं घालून नांगर टाकताना आणि होडी ओढताना वापरली जाते, आणि त्या कामाला ती छान बसते.